चूळ भरा, गिळू नका

मास्तर,

तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. परवा तुमच्या लालबागच्या चाळीत शोकसभा झाली. जो उठला तो तुमच्या शिस्तीबद्दल बोलला. गिरणीची पहिली पाळी सुटली की घरी न जाता थेट मैदानावर यायचे, फाटका चेंडू स्वतः शिवायचे, पोरांना विडीकाडीला शिवू दिलं नाही, वगैरे. सगळं खरंच होतं. मग तुमच्या खात्यातले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "सावंत मास्तरांची पोरं म्हणजे पोरं होती. भर उन्हात दोन-दोन तास पळायची, पण पाण्याचं नाव काढायची नाहीत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, हेसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी मागे जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होतो. "येशा, तू कॅप्टन होतास, दोन शब्द बोल," असं कुणीतरी म्हणालं. मी मान हलवून नको म्हटलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि चांगलं बोलायला त्या दिवशी जीभ उचलेना. म्हणून हे लिहितोय. तुम्ही असताना मला एक वाक्य कधी पुरं करू दिलं नाहीत. "बोला नको, पळ," एवढंच तुमचं उत्तर असायचं. आता तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल.

पहिली गोष्ट ही, की आम्ही पाण्याचं नाव काढत होतो. मनातल्या मनात दुसरं काही काढतच नव्हतो. जीभ टाळूला चिकटायची, ओठांच्या कोपऱ्यात पांढरं मीठ साठायचं, आणि पायात चेंडू असला तरी डोळ्यांपुढे झाडाखालचं ते मडकं असायचं. आम्हाला तहान लागायची, मास्तर. तुम्ही पाणी देत नव्हता.

तरी सुरुवातीपासून सांगायला हवं, नाहीतर वाचणारा म्हणेल की याने मास्तरांवर दात धरलाय. दात धरलाय हे खरंच आहे. पण डिलाईल रोडच्या फुटपाथवर चिंध्यांच्या चेंडूने खेळणाऱ्या मला आणि माझ्या धाकट्या भावाला, दिन्याला, हाताला धरून मैदानावर नेणारेही तुम्हीच होता. तेव्हा मी सोळा वर्षांचा, दिन्या तेरा. "ह्यो डाव्या पायाचो कोणाचो?" असं तुम्ही विचारलंत आणि दिन्या घाबरून माझ्या मागे लपला. डावा पाय चालवणं हा गुन्हा आहे असं त्याला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच्यासाठी कुणाचे तरी जुने बूट घेऊन आलात. मोठे व्हायचे, म्हणून आत कापूस कोंबलात. तो कापूस तुमच्या गिरणीतला होता आणि दिन्या तो बरेच दिवस हुंगत असे.

आमच्या आबांना मात्र ते रुचलं नव्हतं. तुम्ही गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या खात्यात. आबा त्याच गिरणीत, पण सूत काढायच्या रिंग खात्यात. साच्यावर आमच्या लोकांना घेत नसत. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सूत भरताना ते तोंडाने ओढावं लागायचं, आणि आमच्या तोंडचं सूत दुसऱ्याच्या तोंडाला लागलं तर काय, म्हणून. आबांना साचा चालवता यायचा, पण उभा जन्म रिंगमध्ये गेला. "तुझा मास्तर साचेवाला हाय," ते म्हणाले होते. "चेंडू पायानं मारायचा असतो म्हनून तुला घेतलंय. तोंडानं मारायचा असता तर घेतलं असतं का, इचार त्याला." मी आबांवर चिडलो होतो. तुमच्यासाठी मी माझ्या बापाशी भांडलो, हे तुम्हाला कधी कळलं नाही.

आणि खरंच, पहिले काही महिने आबा खोटे ठरले. झाडाखाली मडकं असायचं, मडक्यावर पितळेचा पेला पालथा घातलेला असायचा. ज्याला तहान लागेल त्याने जावं, पेला बुडवावा, प्यावं. मालवणी होते, घाटावरचे होते, दोन कोळ्यांची पोरं होती, आम्ही दोघं होतो. कुणी काही बोललं नाही. मी घरी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पेला बुडवून?" मी म्हटलं, हो, बुडवून. तिने पुन्हा विचारलं.

मग एक दिवस पेला दिसेनासा झाला. तुम्ही स्वतः टमरेल घेऊन उभे राहायला लागलात आणि सगळ्यांच्या ओंजळीत वरून पाणी घालायला लागलात. कुणीतरी विचारलं तर तुम्ही म्हणालात, पेला हरवला. आम्ही मानलं. पोरांच्या घोळक्यात पेला हरवणं काही मोठं नव्हतं. थंडी सुरू झाली, आणि तुमचा तो नवा नियम आला.

तुम्ही आम्हाला रांगेत उभं केलंत आणि सांगितलंत, की लढाईच्या आधी तुम्ही गोऱ्या सोल्जरांबरोबर खेळलात तेव्हा त्यांचा सार्जंट खेळताना कुणाला पाण्याला शिवू द्यायचा नाही. घामाच्या अंगाने पाणी प्यायलं की ते छातीला लागतं. पोट डचमळतं, पाय जड होतात. चूळ भरायची, थुंकायची, परत पळायचं. घाम सुकला की घरी जाऊन हवं तेवढं प्या. घामाच्या अंगाने पाणी पिऊ नये हे आमच्या आयाही सांगायच्या, त्यामुळे आम्हाला त्यात खोट दिसली नाही. शिवाय सार्जंटच्या तोंडचं म्हणजे शास्त्रच.

तेव्हापासून अर्ध्या तासाने शिट्टी व्हायची. आम्ही रांग लावायचो. तुम्ही टमरेलाने प्रत्येकाच्या ओंजळीत पाणी घालायचा आणि ते तोंडात गेलं की तुमची नजर आमच्या गळ्यावर यायची. "तुजो गळो माका दिसता हा, झिला. गिळलंस तर दोन फेरे." तोंड भरून गार पाणी, गाल फुगलेले, आणि गळ्याखाली एक थेंब जाऊ द्यायचा नाही. मग पचकन थुंकायचं. मैदानाच्या त्या कोपऱ्यात आम्ही थुंकलेल्या पाण्यावर हिरवंगार गवत आलं होतं. दिन्या म्हणायचा, "दादा, त्या गवताची मजा आहे."

कॅप्टन म्हणून तुम्ही मला जास्तीचं काम दिलंत. तुम्ही रांगेच्या एका टोकाला पाणी घालत असाल तेव्हा मी दुसऱ्या टोकाचे गळे बघायचे. मी बघायचो. मला ते काम आवडायचं, हे आज लिहिताना लाज वाटते.

थंडीत काही कळलं नाही. थंडीत माणूस कशावरही निभावून नेतो. फाल्गुन लागला आणि माटुंग्याच्या कॉलेजच्या पोरांशी सामना झाला तेव्हा पहिल्यांदा तुमचं शास्त्र लंगडायला लागलं. मध्यंतराला ती पोरं सावलीत बसून लिंबू, साखर आणि मीठ घातलेलं पाणी बाटल्यांनी पीत होती. आम्ही रांगेत उभे राहून चुळा भरत होतो. "बघा त्यांची पोटां. दुसऱ्या हाफात उलट्या करतले," असं तुम्ही म्हणालात. आम्ही हसलो. दुसऱ्या हाफात एकाच्याही पोटाने दगा दिला नाही. शेवटच्या दहा मिनिटांत पोटऱ्यांत गोळे आले ते आमच्या चौघांच्या, आणि दोन गोल खाल्ले तेही आम्ही. परतताना मी म्हटलं, "मास्तर, ते पाणी पीत होते." तुम्ही म्हणालात, "ते दूधतूप खातत." हाताच्या कंकणाला आरसा कशाला म्हणतात, पण तुम्हाला आरसा दाखवला तरी तुम्ही तोंड फिरवून उभे.

त्याच महिन्यात संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला. आपली गिरणी बंद, सगळ्या चाळी रस्त्यावर. तुम्ही होता, आबा होते, मीही होतो. घोषणा देऊन घसे बसले होते. परळच्या नाक्यावर चाळीतल्या बाया बादल्या आणि लोटे घेऊन उभ्या होत्या आणि येईल त्याला पाणी देत होत्या. कुणी नाव विचारत नव्हतं, आळी विचारत नव्हतं. एका बाईच्या हातातल्या लोट्याने आबा प्यायले. तोच लोटा तिने भरून पुढच्या माणसाला दिला, आणि पुढचा माणूस तुम्ही होता. तुम्ही घटाघटा प्यायलात. घामाच्या अंगाने प्यायलात. तुमचा गळा वरखाली होताना मी बघितला.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी तुम्हाला अडवलंच. म्हटलं, "मास्तर, मोर्च्यात पाणी चालतं, मग इथे का नाही?" तुम्ही बुटाची नाडी बांधत होता. वर न बघता म्हणालात, "मोर्चा एका दिवसाचो असता, येशा. टीम रोजची असता." मला त्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, शिस्तीबद्दल बोलताय.

आता त्या मे महिन्यातल्या दुपारबद्दल. ही गोष्ट आपण दोघांनी कधीच काढली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपलं चाललं होतं. आता तुमची मूठ गेली तुमच्याबरोबर. माझी मी उघडतो.

चारचा सुमार होता. जमीन बुटातून भाजत होती. दिन्या सकाळपासून छापखान्याच्या दारात शिकाऊ उमेदवारीसाठी उभा राहून आला होता, घरी येऊन नुसती भाकरी खाऊन धावत मैदानावर आला होता. दुसऱ्या शिट्टीला रांग लागली. तुम्ही त्याच्या ओंजळीत पाणी घातलंत आणि पुढच्याकडे वळलात. दिन्याने तोंड भरलं, माझ्याकडे बघितलं आणि गिळलं. त्याचा गळा हलला. तुम्हाला ते दिसलं नव्हतं. मला दिसलं.

मी ओरडलो, "मास्तर, दिन्या प्यायला."

का ओरडलो हे मी तीन वर्षं स्वतःला विचारतोय. एक कारण तुम्हाला माहीत आहे. कॅप्टनने भावाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये. दुसरं कारण तुम्हाला सांगितलं नव्हतं. आदल्या ऑक्टोबरात आम्ही धम्म घेतला होता. आईने देव्हाऱ्यातले देव उचलले, आणि आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "आता वरून घातलेलं पानी प्यायचं न्हाई. वंजळ करायची न्हाई कुनाम्होरं. तान लागली तरी." चुळेचं तिला चाललं असतं. चूळ काय, कुणीही कुणाच्या हातावर घालतो. पण पिणं वेगळं. दिन्या वरून घातलेलं पाणी प्यायला, आणि माझं डोकं फिरलं. मी तुमचा कॅप्टन होतो आणि आईचा थोरला, आणि दोघांचं एकदम राखायला गेलो.

तुम्ही त्याला दोन फेरे दिलेत. पहिला त्याने पुरा केला. दुसऱ्यात गोलपोस्टच्या मागे तो तिरपा चालायला लागला, मग बसला, मग आडवा झाला. मी गेलो तेव्हा त्याच्या अंगाला हात लावता येत नव्हता इतकं ते तापलं होतं, आणि घाम म्हणाल तर एक टिपूस नव्हता. आठ जणांनी मिळून त्याला हातगाडीवर घातला. मडक्यातलं सगळं पाणी तुम्ही त्याच्या डोक्यावर ओतलंत. तेव्हा मला कळलं, मडक्यात किती पाणी होतं ते.

परळच्या इस्पितळात त्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "किती पाणी प्यायला होता?" मी म्हटलं, "एक घोट." त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग तो जे बोलला ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाला, घामात पाणीही जातं आणि मीठही जातं. पळणाऱ्या पोराला तहान लागायची वाटही बघायची नसते, थोड्या थोड्या वेळाने पाजायचं असतं. बैलालासुद्धा पाणी दाखवतात. तुम्ही वॉर्डच्या दारात उभे होता. तुमच्या हातात दिन्याचे बूट होते. जाताना ते दाराशी ठेवून गेलात, पण आत आला नाहीत. माझी आई तुमच्याकडे बघत होती आणि तुम्ही तिच्याकडे, आणि कुणीच काही बोललं नाही. मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं. आईने कुणालाही चार शब्द सुनावल्याशिवाय सोडलेलं मी पाहिलं नव्हतं.

दिन्या वाचला. मूत्रपिंडं अधू झाली. आता परळच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो, दुपारी पाय सुजतात, पळायची तर बातच नको. डावा पाय अजून टेबलाखाली हलत असतो.

मी मैदान सोडलं. वर्षभरात तुमची टीमही मोडली. तीन वर्षं आपण एकाच रस्त्याने आलो-गेलो. तुम्ही दिसलात की मी फुटपाथ बदलायचो. या मे महिन्यात राज्य झालं, चाळीत पताका लागल्या, दुकानातून पेढे वाटले. तुम्ही समोरून पेढा घेऊन आलात आणि माझ्यापुढे हात केलात. मी तो घेतला, कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि वळणावर जाऊन टाकून दिला. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

मग ऑक्टोबर आला, आणि तुमचं आतड्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. मी भेटायच्या वेळेला दुपारी आलो तो तब्येत विचारायला नाही. तुमच्या तोंडून एक वाक्य काढायला आलो होतो. चुकलो, एवढंच. आधीच सांगून टाकतो, ते वाक्य मला मिळालं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

खाटेवर तुमचं काहीच उरलं नव्हतं. तुमच्या मंडळी, आमच्या काकी, मला बघून उठल्या, जागा दिली, बाहेर जाऊन बसल्या. तुमचे ओठ फुटले होते. पांढरं मीठ कोपऱ्यात साठलं होतं, मला ओळखीचं. तुम्ही पहिलं काय बोललात तर, "येशा, पाणी दी."

नर्स धावत आली. म्हणाली, "पाणी अजिबात द्यायचं नाही. टाके आहेत आत. फार तर चूळ भरू द्या, पण घोटभरही गिळू देऊ नका." आणि माझ्या हातात पेला देऊन ती दुसऱ्या खाटेकडे गेली.

त्या वेळी माझ्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. मी तुमची मान उचलली, पेला ओठाला लावला आणि म्हटलं, "चूळ भरा. गिळू नका, मास्तर. मला गळा दिसतोय."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. पाणी तोंडात धरून ठेवलंत, बराच वेळ. गाल आत गेलेले होते, ते थोडे भरले. मग तुम्ही भांड्यात थुंकलात. एक थेंबही गिळला नाहीत. मला वाटलं होतं बरं वाटेल. तसं काही झालं नाही. वॉर्डात फिनेलचा वास होता आणि मी पेला खाली ठेवला, एवढंच.

मग तुम्ही बोलायला लागलात. थांबत, दम खात. पेला हरवला नव्हता. दोघा-तिघा पोरांचे बाप तुमच्याकडे आले होते. म्हणाले, आमची पोरं त्या पेल्याने पिणार नाहीत, दुसरं मडकं ठेवा. तुम्ही दुसरं मडकं ठेवायला नकार दिलात. पेलाच काढून घेतलात आणि सगळ्यांना सारखं वरून घालायला लागलात. त्यांचं समाधान झालं. मग एक दिवस माझी आई मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली. दिन्या ओंजळीने पाणी पितोय हे तिने बघितलं. तुम्हाला बाजूला घेऊन ती म्हणाली, "मास्तर, माझ्या पोरांना वरून पानी घालू नका. तान्हेली ऱ्हायली तरी चालंल."

"दोन मडकी ठेवली असती तर टीम फुटली असती, झिला," तुम्ही म्हणालात. "पेलो परत ठेवलो असतो तर ती पोरां गेली असती. वरून घातला तर तुम्ही गेला असतात. मगे म्हटलंय, कोणाकच नको."

"आणि सार्जंट?" मी विचारलं.

"सार्जंट होतो," तुम्ही म्हणालात. "पण तो आमका पाणी पाजायचो."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तुमची गत झाली होती हे मला कळतं, मास्तर. उगाच कळत नाही असं म्हणणार नाही. दोन मडकी ठेवणं सगळ्यांत सोपं होतं आणि ते तुम्ही केलं नाहीत, याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. पण त्या बापांना तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. माझ्या आईला एक शब्द बोलला नाहीत. आम्हाला खरं सांगितलं नाहीत. कुणाचं मन मोडायला नको म्हणून शास्त्र रचलंत, आणि त्या शास्त्रावर चौदा वर्षांच्या पोराला मेच्या उन्हात पळवलंत. सगळ्यांची मनं राखली गेली. दिन्याची मूत्रपिंडं तेवढी राहिली नाहीत.

हे सगळं मी तिथे बोललो नाही. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "दिन्याक एकदा घेवन ये." मी हो म्हटलं.

मी त्याला सांगितलं नाही. दोन दिवस माझ्याजवळ होते. सकाळ-संध्याकाळ तो समोर बसून जेवत होता. दर वेळी वाटायचं, आधी यांनी मला म्हणायचं ते म्हणावं, मग मी यांचा निरोप देईन. तिसऱ्या दिवशी काकींचा निरोप आला.

तुम्हाला पोचवून आल्यावर चौथ्या दिवशी काकींनी मला बोलावून घेतलं. तुमच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत मी पहिल्यांदा आलो. इतकी वर्षं आपलं जे काही बोलणं व्हायचं ते बाहेर सज्ज्यात. काकींनी ट्रंकेतून तो पितळेचा पेला काढला. कडेला चेपलेला, मी लगेच ओळखला. त्या म्हणाल्या, "ह्यो तुमच्या मैदानावरचो. ह्येंनी घरात कधी वापरूक देऊक नाय. तू व्हर." मी तो घेतला.

तुम्ही तो घरात का वापरला नाहीत, मास्तर? आमची आठवण म्हणून जपलात, की आमचं तोंड लागलं म्हणून वेगळा ठेवलात? हा एक प्रश्न मी मरेपर्यंत चघळणार आहे. चांगल्या दिवशी पहिलं खरं वाटतं. वाईट दिवशी आबांचं बोलणं आठवतं.

पेला घेऊन घरी गेलो आणि दिन्याला सगळं सांगितलं. तुमचा निरोपही. तो खिळे जुळवून काळी झालेली बोटं बघत बसला. मग म्हणाला, "मला आधी सांगितलं असतंस तर गेलो असतो, दादा. त्यांचे बूट द्यायचे राहिले होते." मी म्हटलं, "दिन्या, त्या दिवशी मास्तरांनी तुला बघितलं नव्हतं. मी सांगितलं." तो म्हणाला, "मला माहीत आहे. मी तुझ्याकडे बघूनच गिळलं होतं. वाटलं, तू गप बसशील." आई आतून सगळं ऐकत होती. तिने बाहेर येऊन तो पेला उचलला, चिंच लावून घासला आणि मडक्यावर पालथा घातला.

गेल्या सोमवारी मी टपाल खात्यातली ड्यूटी संपवून मैदानावर गेलो. आपल्या आणि शेजारच्या गल्लीतली पोरं गोळा केली होती. अकरा जमली, बरोबर अकरा. ऑक्टोबरचं ऊन सरलं नव्हतं. झाडाखाली एक मडकं ठेवलं, त्यावर तुमचा पेला. दिन्या तीन वर्षांनी मैदानावर आला होता. सुजलेले पाय पसरून तो मडक्याशेजारी बसला. मी पोरांना सांगितलं, दर पंधरा मिनिटांनी यायचं, पेला बुडवायचा आणि प्यायचं. तहान लागली नसली तरी प्यायचं. डॉक्टरने सांगितलेलं मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. आणि हा पेला सगळ्यांचा आहे, हेही सांगितलं, मोठ्याने, कारण तेवढंच तुम्ही कधी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी दहा आली. बुधवारी एक बाप स्वतः येऊन मुलाचा हात धरून घेऊन गेला. माझ्याशी बोलला नाही, पेल्याकडे मात्र बघून गेला. त्याच्यामागोमाग आणखी दोघं गेली. तुमचं म्हणणं खोटं नव्हतं, मास्तर. पोरं जातात. राज्य आपलं झालं तरी जातात. तुम्ही असता तर म्हणाला असता, "सांगलंय होतंय तुका." म्हणा. ऐकायला बरं वाटलं असतं.

आज सात आहेत. सातांची टीम होत नाही, हे तुमच्याकडूनच शिकलो. मी शिट्टी वाजवली की सातही जण झाडाकडे पळत सुटतात, आणि दिन्या त्यांना पेला भरून हातात देतो. मी तोवर गोलपोस्टकडे तोंड करून उभा राहतो. कुणाच्या गळ्याकडे बघत नाही.